एफआरसीचा एक हंगाम: नोंदणीचे सहा हजार डॉलर आणि त्यापुढचा खर्च

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, म्हणजे एफआरसी, ही फर्स्ट या अमेरिकन संस्थेची हायस्कूलच्या मुलांसाठीची रोबो बांधण्याची स्पर्धा. २०२५ च्या हंगामात तिची एक मॅच अडीच मिनिटांची होती. पहिले १५ सेकंद रोबो आपल्या प्रोग्रामवर चाले, उरलेली सव्वादोन मिनिटं मुलं तो चालवत. रीजनल पद्धतीच्या भागातल्या टीमला नोंदणीच्या पैशांत एक स्पर्धा मिळते आणि तिथे पात्रता फेरीच्या साधारण नऊ-दहा मॅच वाट्याला येतात. नोंदणी आहे ६,००० डॉलरच्या घरात. भागाकार केला तर एका मॅचला सहाशे डॉलरच्या वर पडतात, आणि यात रोबोचा एक स्क्रूसुद्धा धरलेला नाही.

एडिसन, फ्रीमाँट किंवा डॅलसच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांत मूल नववीत गेलं, टीममध्ये निवडलं गेलं, की महिनाभरात वर्गणीची ईमेल येते आणि मग प्रश्न सुरू होतात: एवढे पैसे जातात कुठे? हे परीक्षण त्या आईवडिलांसाठी आणि पहिल्यांदाच मेंटॉर होऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो. डिस्ट्रिक्ट पद्धतीच्या (तेवढ्याच नोंदणीत दोन छोट्या स्पर्धा) राज्यात राहत असाल तर एफआरसीत पैसे वसूल होतात. रीजनल भागात नवी टीम काढायची असेल तर आधी दोन वर्षं एफटीसी, म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंज ही फर्स्टचीच छोट्या रोबोंची स्पर्धा, खेळा. तिथे शिकायला मिळतं त्यातलं बरंचसं तेच, आणि खर्च एका लहान अंशाइतका.

नोंदणीत काय मिळतं, काय नाही

२०१९ मध्ये जुन्या टीमला ५,००० आणि नव्या टीमला ६,००० डॉलर नोंदणी पडत होती. पुढे हा फरक गेला आणि सगळ्यांचाच आकडा सहा हजारांच्या घरात पोचला. रुपयांत हे पाच लाखांच्या आसपास होतात. या पैशांत एक रीजनल किंवा दोन डिस्ट्रिक्ट स्पर्धांत प्रवेश, किट ऑफ पार्ट्स आणि पुरवठादारांची व्हाउचर मिळतात. किटमध्ये अँडीमार्क कंपनीची साधी सहा चाकांची चॅसी (रोबोचा चालता सांगाडा) असते. ती नको असेल तर तसं कळवून तिच्या बदल्यात खरेदीची क्रेडिट घेता येते. नव्या टीमला कंट्रोल सिस्टिमचा, म्हणजे रोबो चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागांचा, संचही मिळतो. जुन्या टीमला तो पुन्हा मिळत नाही, त्यामुळे दुसऱ्या वर्षी नवा रोबो बांधताना एकतर गेल्या वर्षीचा रोबो उघडावा लागतो, नाहीतर हे सगळं विकत घ्यावं लागतं. पहिल्या वर्षीचा हिशोब तसाच पुढे चालवणाऱ्या टीमची गाडी इथेच अडते.

किटची चॅसी हलकी समजू नका. आठ तासांत जोडून होते, सहसा मोडत नाही, आणि पहिल्या वर्षी दोन-तीन आठवडे वाचवते. नव्या टीमने ती वापरावीच.

व्हाउचरला मुदत असते आणि वस्तू संपतात. जानेवारीच्या पहिल्या शनिवारच्या आसपास किकऑफ होतो, त्या दिवशी खेळ जाहीर होतो, आणि संध्याकाळपर्यंत लोकप्रिय मोटर पुरवठादारांकडून गायब झालेल्या असतात. खेळ कोणताही आला तरी लागणाऱ्याच वस्तू (मोटर, कंट्रोलर, ब्रेकर, कनेक्टर, तारा) डिसेंबरातच मागवून ठेवा. खेळ पाहून ठरवायच्या वस्तूंसाठी बजेटमधला निदान तिसरा हिस्सा हातात राहू द्या.

रीजनल आणि डिस्ट्रिक्ट

दोन्ही पद्धतींत नोंदणी जवळपास सारखीच आहे, हातात पडतं त्यात मात्र मोठी तफावत. डिस्ट्रिक्टमध्ये दोन स्पर्धा आणि प्रत्येक ठिकाणी पात्रतेच्या १२ मॅच, म्हणजे एकूण २४. तेच सहा हजार २४ ने भागले तर मॅचमागे अडीचशे डॉलर. शिवाय दोन स्पर्धांच्या मधे रोबो सुधारायला वेळ मिळतो, आणि मुलं सगळ्यात जास्त शिकतात ती त्याच दिवसांत. पहिल्या स्पर्धेत काय मोडलं ते पाहून दुसरीच्या आत नवा हात बांधणं हा अनुभव एकाच रीजनलला जाणाऱ्या मुलाला मिळतच नाही. दुसरी रीजनल घ्यायची तर नोंदणीच्या निम्म्याच्या आसपास आणखी पैसे, वर पुन्हा प्रवास आणि हॉटेल.

डिस्ट्रिक्ट पद्धत २००९ मध्ये मिशिगनने सुरू केली. न्यू जर्सी, पूर्व पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअरचा मिड-अटलांटिक २०१२ पासून, न्यू इंग्लंड आणि पॅसिफिक नॉर्थवेस्ट २०१४ पासून, टेक्सास २०१९ पासून असे बाकीचे भाग येत गेले.

हे स्वस्त कसं पडतं ते स्पर्धा भरवण्याच्या बाजूने पाहिलं की कळतं. रीजनल बहुधा विद्यापीठाच्या मोठ्या क्रीडागृहात किंवा कन्व्हेन्शन सेंटरमध्ये तीन दिवस चालते. सभागृहाचं भाडं, पिटमध्ये (टीमच्या रोबो-दुरुस्तीच्या जागेत) प्रत्येक टीमपर्यंत वीज, मोठे पडदे आणि ध्वनिव्यवस्था, सुरक्षा, विमा आणि ट्रकने येणारं मैदान असा तिचा पसारा. मैदान सुमारे २७ बाय ५४ फुटांचं, खाली कार्पेट, कडेने पारदर्शक भिंती, आणि त्याशिवाय टायमर, दिवे, नेटवर्क. डिस्ट्रिक्ट स्पर्धा शाळेच्या जिममध्ये भरते. मैदान तेच असतं, पण ते लावायला आदल्या संध्याकाळी यजमान टीमची मुलं आणि पालक येतात, पिट कॅफेटेरियात लागतात, आणि खाण्याचा स्टॉल यजमान टीम चालवते. त्या स्टॉलवर तिचा निम्मा हंगाम निघू शकतो.

दोन्हीकडे पंच, तपासनीस, मैदानाचे तांत्रिक सल्लागार हे सगळे बिनपगारी स्वयंसेवक. ते नसते तर ही स्पर्धा कुठल्याच नोंदणीत बसली नसती. त्यामुळे मुलाला पिटमध्ये सोडून दिवसभर वरच्या बाकांवर बसणाऱ्या पालकांना आमचा आग्रह आहे: स्वयंसेवकांच्या यादीत नाव घाला. रोबोतलं काही कळावं लागत नाही. दारावर सुरक्षेचे गॉगल वाटायला, रांगा सांभाळायला माणसं कायमच कमी असतात.

डिस्ट्रिक्टमधला एक धोका लक्षात ठेवा. टीम चांगली खेळली तर डिस्ट्रिक्ट चॅम्पियनशिपची वेगळी नोंदणी आणि त्यापुढे ह्यूस्टनच्या जागतिक चॅम्पियनशिपची पाच हजारांच्या घरातली नोंदणी एप्रिलमध्ये एकापाठोपाठ एक अंगावर येतात. पैसे भरायला दिवस हातावर मोजण्याइतके मिळतात. "जिंकलो तर बघू" असं म्हणणाऱ्या टीमला जिंकल्यावर पालकांकडे हात पसरावा लागतो, आणि ज्या घराला ते झेपत नाही त्या घरचं मूल मागे राहतं. ही आम्हाला या स्पर्धेतली सगळ्यात बोचणारी गोष्ट वाटते. त्यासाठी वेगळा निधी सप्टेंबरपासूनच बाजूला काढावा, नाही लागला तर पुढच्या वर्षाला कामी येतो.

रोबोचा खर्च: पैसे कुठे घालावेत

आज वरच्या टीम स्वर्व्ह ड्राइव्ह वापरतात. यात प्रत्येक कोपऱ्यातलं चाक फिरतंही आणि वळतंही, त्यामुळे रोबो कुठल्याही दिशेला सरकतो. एका कोपऱ्याचं मॉड्यूल ३०० ते ४०० डॉलर, त्यावर दोन मोटर, एक एन्कोडर (चाक किती वळलं ते सांगणारा सेन्सर). कंट्रोलर आतच असलेल्या क्रॅकेन एक्स६० सारख्या मोटर घेतल्या तर प्रत्येकी दोनशेच्या वर. एका कोपऱ्याला नऊशेच्या आसपास, चार कोपऱ्यांना साडेतीन हजार. एक मॉड्यूल सुटं ठेवलं नाही तर स्पर्धेत एक गिअर तुटला की काम संपलं, म्हणजे आणखी नऊशे.

हा खर्च तीन हंगामांवर पसरतो, कारण मॉड्यूल काढून पुढच्या रोबोला बसतात. त्या हिशोबाने तो अवाजवी नाही. पण ज्या टीमकडे प्रोग्रामिंग करणारी निदान दोन मुलं नाहीत आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सरावाला चॅसी नाही, तिने जानेवारीत स्वर्व्ह विकत घेऊ नये. एन्कोडरचे ऑफसेट (चाक सरळ असतानाचे आकडे) चुकीचे बसले की चारही चाकं एकमेकांविरुद्ध ओढतात, रोबो जागीच थरथरतो आणि बॅटरी रिकामी होते. ते शोधण्यात दोन आठवडे जातात, आणि तेवढ्यात किटच्या चॅसीवर पूर्ण रोबो उभा राहिला असता.

चाकांचं रबर झिजतं. प्रत्येक स्पर्धेआधी बदला, आणि बदलल्यावर कोडमधला चाकाचा व्यास पुन्हा मोजून घाला, नाहीतर मॅचच्या सुरुवातीच्या स्वयंचलित भागात रोबो दर वेळी दोन-तीन इंच चुकतो.

बॅटऱ्यांवर मात्र कुणीच पुरेसे पैसे घालत नाही. एफआरसीत १२ व्होल्ट, १८ अँपिअर-तासांच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या चालतात. स्वर्व्हच्या आठ मोटर एकदम जोर लावतात तेव्हा जुन्या बॅटरीचं व्होल्टेज क्षणात सातच्या खाली जातं, रोबोरिओ (रोबोचा मुख्य कंट्रोलर) मोटरची वीज तोडतो आणि रोबो मैदानाच्या मध्यावर धक्के खात थांबतो. मुलं कोडमध्ये चूक शोधत बसतात. चार्जरला नियमाने ६ अँपिअरची मर्यादा आहे, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला तीन तासांच्या वर लागतात. बाद फेरीत मॅच पाठोपाठ येतात. सहापेक्षा कमी चांगल्या बॅटऱ्या घेऊन स्पर्धेला जाऊ नका, आठ असल्या तर निर्धास्त. आठ बॅटऱ्यांना पाच-सहाशे डॉलर लागतात.

प्रत्येक बॅटरीवर खरेदीचा महिना लिहा. आतला रोध मोजा: नवी बॅटरी ०.०१५ ओहमच्या आसपास दाखवते, ०.०२० ओलांडली की सरावाला टाका. दोन हंगामांनंतर स्पर्धेला नेऊ नका. तारांना धरून बॅटरी कधीच उचलू नये. टर्मिनलचा बोल्ट आतून सैल होतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि मॅचमध्ये वीज येत-जात राहते. बोल्टखाली दातेरी वॉशर, वरून हीट-श्रिंक किंवा टेप, इतकं पुरे.

त्याच जातीचा दुसरा दोष कॅन बसचा, म्हणजे मोटरना आदेश पोचवणाऱ्या तारांचा. पिवळ्या-हिरव्या पिळलेल्या तारांची साखळी एका मोटरपासून दुसरीकडे जाते. तिचा एक सांधा सुटला की पुढच्या सगळ्या मोटर गप्प. उपाय स्वस्त आहे: चांगलं क्रिम्पिंगचं हत्यार घ्या, प्रत्येक सांधा हाताने ओढून पाहा, साखळीच्या टोकाला १२० ओहमचं टर्मिनेशन (शेवटचा रोध) आहे का ते तपासा. दोनशे डॉलरच्या मोटरवर तीन डॉलरचा कनेक्टर लावून टीम हरलेल्या दिसतात तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण त्यामागे मुलांच्या दोन महिन्यांच्या रात्री असतात.

कॅमेऱ्यावर वाचवता येतं. २०२३ पासून मैदानावर एप्रिलटॅग (क्यूआर कोडसारखी चौकोनी चिन्हं) लावलेले असतात आणि ते पाहून रोबो आपली जागा ओळखतो. तयार लाइमलाइट कॅमेरा चारशे डॉलरच्या आसपास जातो. ग्लोबल शटरचा साधा यूएसबी कॅमेरा, एक छोटा सिंगल-बोर्ड संगणक आणि मोफत फोटॉनव्हिजन सॉफ्टवेअर यांत तेच काम निम्म्याहून कमी पैशांत होतं. मात्र बसवायला एक मूल आठवडाभर द्यावं लागतं. प्रोग्रामिंगची बाकी सगळी साधनं मोफत आहेत: डब्ल्यूपीआयलिब, पाथप्लॅनर, आणि डिझाइनसाठी ऑनशेप.

रोबोरिओचा सुटा नग सध्या विकत घेऊ नका. २०२७ च्या हंगामापासून सिस्टिमकोर हा नवा कंट्रोलर येणार असल्याचं फर्स्टने जाहीर केलेलं आहे. गरज पडली तर शेजारच्या टीमकडून उसना घ्या. एफआरसीत हे सहज होतं: पिटमधून भाग हवा असल्याची घोषणा झाली की पाच मिनिटांत प्रतिस्पर्धी टीमचंच मूल तो घेऊन येतं. सुटे भाग न परवडणाऱ्या टीमला हा मोठा आधार आहे. कुठल्याही बिलात न दिसणारं नोंदणीतलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हेच.

सरावाचं मैदान

फर्स्ट मैदानाच्या लाकडी प्रतिकृतीचे आराखडे मोफत देते. प्लायवुड, दोन बाय चारच्या पट्ट्या आणि स्क्रू यांतून जो भाग सगळ्यात अवघड तो एकच बांधा, पूर्ण मैदान नको. खेळाच्या वस्तूंचा खर्च वर्षावर ठरतो. २०२५ च्या रीफस्केपमधलं "कोरल" हे चार इंची पीव्हीसी पाइपचे सुमारे फूटभर तुकडे होते, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात कापून मिळत. २०२४ च्या क्रेसेंडोतल्या फोमच्या नारिंगी कड्या मात्र विकतच घ्याव्या लागल्या, आणि सरावात रोबो त्या फाडत होता. अशा वर्षी दहा-बारा नग पहिल्याच आठवड्यात मागवावेत.

पूर्वी सहा आठवडे झाले की रोबो पिशवीत सील करावा लागे, म्हणून ऐपत असलेल्या टीम सरावासाठी दुसरा तसाच रोबो बांधत. २०२० पासून ती अट गेली. दुसरा रोबो आता चैन आहे. कुणी मेंटॉर तो मागत असेल तर आधी बॅटऱ्या आणि सुटं मॉड्यूल आहेत का ते विचारा.

रोबोहून मोठा खर्च

पंचवीस मुलांची टीम दूरच्या स्पर्धेला गेली तर चौघांना एक याप्रमाणे सात खोल्या, मोठ्यांच्या तीन, तीन रात्री. रात्रीचे दीडशे डॉलर धरले तरी साडेचार हजार झाले. त्यावर बस आणि जेवण. घरापासून तासाभराच्या अंतरावरची स्पर्धा निवडली तर हे सगळं शून्यावर येतं. टीमच्या बजेटमध्ये एवढा फरक करणारा दुसरा निर्णय नाही. दूरची स्पर्धा "सोपी" आहे, तिथून जागतिक चॅम्पियनशिपला जाता येईल, असा युक्तिवाद दर वर्षी होतो. त्या पैशांत काय काय येतं ते पालकांनी विचारावं.

भारतातून खेळणाऱ्या टीमचा हिशोब तर फार वेगळा. एफआरसीची स्पर्धा भारतात भरत नाही, त्यामुळे मुंबईच्या ६०२४ आर फॅक्टरसारख्या टीमला परदेशात जावं लागतं. रोबो पेटीत भरून विमानाने पाठवायचा, सीमाशुल्काचे कागद, मुलांचे व्हिसा. बॅटऱ्या नेण्याच्या भानगडीत पडू नये, स्पर्धेच्या ठिकाणची टीम उसन्या देते, फक्त महिनाभर आधी लिहून ठरवावं. पुण्या-मुंबईच्या शाळांना आम्ही म्हणून एफटीसीच सुचवतो. नोंदणी तीनशे डॉलरच्या आसपास, रोबो सुरुवातीला १८ इंचांच्या घनात मावणारा, मैदान १२ बाय १२ फुटांचं. फोमच्या ३६ फरशा अंथरल्या की वर्गातच सराव होतो. टीम जास्तीत जास्त १५ मुलांची. कंट्रोल हब (एफटीसी रोबोचा मुख्य कंट्रोलर), मोटर आणि धातूचे भाग मिळून दोन-तीन हजार डॉलरमध्ये चांगला रोबो होतो आणि पुढच्या वर्षी तेच भाग पुन्हा लागतात.

कॉलेजच्या मुलांसाठी रोबोकॉन आहेच. त्या स्पर्धेची आंतरराष्ट्रीय फेरी २००८ मध्ये पुण्यात झाली तेव्हा खेळ गोविंदाचा होता, दहीहंडीचा, आणि २०२२ साठी भारताने लगोरी दिली होती. तिथे खर्चाचा भार उलटा पडतो: मैदान प्रत्येक कॉलेजला आपलं आपण बांधावं लागतं, आणि प्लायवुड-रंगाचं बिल रोबोच्या बिलाला टेकतं.

पैसे कुठून आणावेत

अमेरिकेतल्या मराठी पालकांपैकी बरेच ज्या कंपन्यांत आहेत त्या देणगीच्या जोडीला तितकीच देणगी घालतात, आणि स्वयंसेवेच्या तासांनाही पैसे देतात. यासाठी टीमचं खातं शाळेच्या, बूस्टर क्लबच्या किंवा करमुक्त संस्थेच्या नावावर हवं. ते नसेल तर वर्गणी मागण्याआधी ते काम करा. वीस पालकांनी दोनशे डॉलर दिले आणि कंपन्यांनी तेवढेच घातले तर आठ हजार होतात, आणि ज्यांना जमत नाही त्या मुलांची वर्गणी सहज माफ करता येते. मेंटॉर म्हणून दिलेले तासही नोंदवा, बहुतेक जण विसरतात. नव्या टीमला नासाची अनुदानं मिळाली आहेत, मिशिगन आणि टेक्सासमध्ये राज्याकडूनही पैसे मिळाले आहेत. अर्जाच्या तारखा शरद ऋतूत असतात, किकऑफनंतर शोधायला गेलात तर उशीर झालेला असतो.

महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात रोबोचं प्रात्यक्षिक ठेवा. स्थानिक दुकानदार, दंतवैद्य, विमा एजंट तिथे एकत्र भेटतात आणि रोबोच्या अंगावर नाव लावायला पाचशे डॉलर देणारा एखादा हमखास मिळतो. जाताना चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या न्या, बंपर चढवा, कोडमध्ये वेग एक-पंचमांशावर आणा, आणि रोबोभोवती दोरी बांधा. ५० किलोंहून जड रोबो लहान मुलांच्या गर्दीत मोकळा सोडू नये.